मोटारहोमसाठी हवेचा पंप घेताना

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

विषय : उन्हाळी सहल पुरवणीतील टायर इन्फ्लेटरचा तक्ता

महोदय,

आपल्या दैनिकाच्या उन्हाळी सहल पुरवणीत मोटारहोमधारकांसाठी, म्हणजे आत राहण्याची सोय केलेली गाडी बाळगणाऱ्यांसाठी, टायरमध्ये हवा भरण्याच्या पोर्टेबल पंपांचा तुलनात्मक तक्ता प्रसिद्ध झाला. किंमत, वजन, बॅटरीची क्षमता आणि कमाल दाब असे चार रकाने त्यात होते आणि ज्या पंपाच्या खोक्यावर ‘१५० पीएसआय’ (दर चौरस इंचाला पौंड; बोलण्यात आपण नुसते ‘पौंड’ म्हणतो) असे छापलेले होते त्याला साहजिकच वरचा क्रमांक मिळाला होता. तक्ता मेहनतीने केला आहे, याबद्दल वाद नाही. परंतु मोटारहोमसाठी पंप निवडायचा तर या चारपैकी एकाही रकान्यावरून निर्णय करता येत नाही. आपल्या टायरला जेवढा दाब लागतो तेवढ्या दाबावर, नागपूरच्या उन्हात, हा पंप सलग किती मिनिटे चालतो आणि तेवढ्या वेळात प्रत्यक्षात किती हवा देतो, हे आधी विचारायला हवे होते. एसटीच्या हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळेत, टायर विभागात, नोकरीची बहुतेक वर्षे गेल्यामुळे आणि निवृत्तीनंतर परिचितांपैकी मोटारहोम बांधून घेतलेली काही मंडळी हाच प्रश्न घेऊन येत असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, तेव्हापासून आपल्या भागात या गाड्या अधूनमधून दिसू लागल्या आहेत. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा सुरू होऊन संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग वाहतुकीस मिळाल्यावर तर समृद्धीच्या नागपूरकडील टोकावरून, शिवमडक्याहून, निघून मधे कुठेही मुक्काम न करता मुंबई गाठण्याचे बेत सर्रास ऐकू येतात. पेंच, ताडोबा आणि नागझिरा या सहली जवळच्या. पण समृद्धीवरचा सलग प्रवास टायरची खरी परीक्षा घेतो. सिमेंटचा रस्ता, हलक्या वाहनांसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा, तासन्‌तास न बदलणारा वेग आणि मे महिन्याचे ऊन अशा सगळ्या गोष्टी तेथे एकत्र येतात. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, दबण्याने तापतो आणि तापण्याने त्याचे रबर व आतील दोरा यांची पकड सुटत जाते. टायर फुटतो तो बहुधा या क्रमाने. परिवहन विभागाने २०२३ मध्ये या मार्गाच्या प्रवेशद्वारांवर गोटा झालेल्या टायरच्या गाड्या अडवून परत पाठवण्याची मोहीम घेतली होती, ती योग्यच होती. परंतु नक्षी शाबूत असलेल्या टायरमध्ये पंधरा पौंड हवा कमी असेल तर ती नुसत्या नजरेने कोणालाही ओळखता येत नाही. पूर्वी आमच्याकडे लोखंडी सळईने टायर ठोकून आवाजावरून अंदाज घेत असत. त्याने बसलेला टायर कळतो, पंधरा पौंडांची तूट कळत नाही.

पंप पाहण्याआधी आपल्या टायरला किती हवा लागते, हे नक्की करावे. येथे ज्या मोटारहोम पाहण्यात येतात त्यांपैकी बऱ्याच टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगर यांसारख्या व्हॅनवर बांधलेल्या असतात, तर काही मोठ्या बसच्या किंवा ट्रकच्या चेसिसवर. साध्या मोटारीला ३० ते ३५ पौंड हवा पुरते. ट्रॅव्हलरच्या वर्गातील १५ इंची व्यावसायिक टायरला साधारण ५० ते ६५ पौंड लागतात आणि ७.५० किंवा ८.२५ मापाच्या १६ इंची टायरवर चालणाऱ्या गाड्यांचा आकडा ९० च्या पुढे जातो. नेमका आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. मात्र येथे एक मेख आहे. ती पट्टी मूळ गाडीसाठी चिकटवलेली असते आणि मोटारहोम बनवताना तिच्यात पलंग, फ्रीज, कपाटे, बॅटऱ्या, गॅस सिलिंडर आणि शे-सव्वाशे लिटर पाण्याची टाकी चढवलेली असते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि हे वजन बहुतेक वेळा मागच्या एका बाजूला येते. म्हणून टाक्या भरून, सामान लावून, माणसे बसवून गाडी एकदा धर्मकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, मग संपूर्ण गाडी. वजाबाकीने मागच्या धुऱ्याचा भार निघतो. वाडी आणि कळमना भागात ट्रकसाठी काटे आहेत आणि त्यांची पावती अगदी थोडक्या पैशांत मिळते. त्या पावतीवरील भार आणि टायर कंपनीचा भार-दाबाचा तक्ता यांवरून आपला आकडा ठरवावा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर कमाल भारासोबत दिलेला दाब ही वरची हद्द असते आणि ती थंड टायरला लागू असते.

समजा आपला आकडा ६५ पौंड निघाला. आता दुकानातील छोटा, हातात मावणारा, चार्जिंगचा पंप पाहू. त्याच्यावर १५० पीएसआय लिहिलेले असते, म्हणजे तो ६५ ला सहज पुरेल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात १५० हा आकडा एवढेच सांगतो की पुढे काहीही न भरता, केवळ नळीचे तोंड बंद करून पंप चालवला तर तो तिथपर्यंत दाब चढवू शकतो. सायकलच्या बारीक ट्यूबला तो तेवढा दाब देईलही. टायरमध्ये भरायची असते ती हवा, म्हणजे लिटर. खोक्यावर कधी कधी ‘मिनिटाला ३५ लिटर’ असेही लिहिलेले असते, परंतु तो आकडा समोर दाब नसताना, मोकळ्या हवेत मोजलेला असतो. टायरमधील दाब वाढत जातो तसा दट्ट्याच्या (पिस्टनच्या) प्रत्येक फेऱ्याला आत जाणाऱ्या हवेचा वाटा कमी होत जातो आणि छोट्या यंत्रात तो फार झपाट्याने कमी होतो.

ट्रॅव्हलरच्या मापाच्या टायरची आतील पोकळी माझ्या ढोबळ हिशोबाने ४५ लिटरच्या आसपास भरते. ५० वरून ६५ वर जायचे, म्हणजे १५ पौंड चढवायचे, तर साधारण एका वातावरणाइतका दाब वाढवावा लागतो आणि त्यासाठी बाहेरची ४५ लिटरच्या आसपास हवा आत दाबावी लागते. मागे जोडटायर असलेल्या सहा चाकांच्या गाडीला हे काम सहा वेळा करायचे, म्हणजे सुमारे पावणेतीनशे लिटर झाले. हातात मावणारा पंप या दाबाला मिनिटाला आठ लिटर देत असेल असे उदारपणे धरले तरी तो अर्ध्या तासाहून अधिक काळ चालावा लागतो. त्याची बॅटरी तोवर टिकणे कठीण, आणि टिकली तरी त्याच्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेले असते की दहा मिनिटे चालवल्यावर तेवढाच किंवा त्याहून अधिक वेळ विश्रांती द्यावी. याउलट दोन सिलिंडरचा, थेट गाडीच्या बॅटरीला चिमटे लावून चालणारा पंप याच दाबाला पंचवीस-तीस लिटर देतो आणि हेच काम दहा-बारा मिनिटांत उरकतो. छोटा पंप वाईट आहे असे मी म्हणत नाही. मोटारीच्या चार चाकांत तीन-चार पौंड टाकायला तो उत्तम आहे आणि माझ्या सुनेच्या स्कूटरला तोच वापरतो.

या छोट्या पंपांबद्दलचा गैरसमज पसरण्याला आणखी एक कारण असावे. केंद्र सरकारने २०२० मध्ये नियमांत बदल करून, नऊ आसनांपर्यंतच्या आणि साडेतीन टनांच्या आतील प्रवासी गाड्यांना ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचे किट आणि दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल अशी मुभा दिली. त्यामुळे काही नव्या मोटारींच्या डिकीत स्टेपनीऐवजी छोटा कंप्रेसर येतो आणि तोच घरातल्या मोठ्या गाडीलाही चालेल असे लोक धरून चालतात. तो मोटारीसाठी, तात्पुरत्या कामासाठी बनवलेला असतो. मोटारहोमवाल्याने स्टेपनी काढून त्या जागी आणखी एक कपाट बसवू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो. असे केलेली गाडी मी पाहिली आहे.

तक्त्यात ज्या गोष्टीचा उल्लेखही नव्हता ती म्हणजे उष्णता. हवा दाबली की तापते, हे शाळेतले भौतिकशास्त्र आहे. सायकलचा हातपंप चार वेळा मारून त्याच्या बुडाला हात लावला की कळते. ४५ अंशांची हवा ३२ पौंडांपर्यंत दाबली आणि तिच्यातील उष्णता बाहेर गेलीच नाही असे धरले, तर ती १७० अंशांच्या जवळ पोहोचते. तीच हवा ६५ पौंडांपर्यंत दाबली तर २४० अंशांच्या आसपास. प्रत्यक्षात सिलिंडरच्या पातळ पंखांतून काही उष्णता निघून जाते, पण यंत्र जितके लहान तितके ते पंख लहान, आणि सभोवतालची हवा जितकी तापलेली तितकी उष्णता निघून जायला वेळ अधिक. या पंपांत तेल नसते. दट्ट्याची कडी टेफ्लॉनसारख्या पदार्थाची असते आणि ती या उष्णतेनेच झिजते. बऱ्या यंत्रात ठरावीक तापमानाला स्वतःहून बंद होण्याची सोय असते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, डांबरावर ठेवून चालवलेला पंप तिसऱ्या चाकालाच बंद पडला की ग्राहक तो बिघडला असे समजतो. वास्तविक यंत्राने स्वतःला वाचवलेले असते.

म्हणूनच मी ज्याला ‘चालू-विश्रांतीचे प्रमाण’ म्हणतो आणि विक्रेते ज्याला ड्यूटी सायकल म्हणतात, तो आकडा विचारल्याशिवाय पंप घेऊ नये. हा आकडाही दाबाशिवाय निरर्थक आहे. ‘सलग ३० मिनिटे’ असे लिहिले असेल आणि पुढे बारीक अक्षरांत ‘३० पीएसआयला’ असे असेल, तर ६५ पौंडांवर तो पंप अर्धाच वेळ किंवा त्याहूनही कमी चालेल. ज्या कंपन्या ‘१०० पीएसआयला ३३ टक्के’ असे स्पष्ट छापतात, म्हणजे दहा मिनिटे चालवा आणि वीस मिनिटे थांबवा, त्यांचा आकडा दिसायला लहान असला तरी तो प्रामाणिक असतो आणि मी त्यांनाच पसंती देईन. नागपूरचे कमाल तापमान २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेले होते. पंपांवरचे आकडे मात्र प्रयोगशाळेतील सौम्य हवेत मोजलेले असतात, हे लक्षात ठेवून त्यांतून आपल्या बाजूने थोडी घट धरूनच चालावे.

याच उष्णतेचा दुसरा फटका चार्जिंगच्या पंपांना बसतो. लिथियम बॅटरी साधारणतः ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे बहुतेक उत्पादक सांगतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतले तापमानच तिथपर्यंत जाते. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीचे आतले तापमान त्याहूनही बरेच वर जाते. डॅशबोर्डच्या कप्प्यात असा पंप महिनोन्‌महिने पडून राहिला तर ऐन वेळी तो अर्धी चार्जिंग दाखवतो, किंवा त्याचे पोट फुगलेले असते. फुगलेला पंप चार्जिंगला लावू नये, तो टाकून द्यावा. मोटारहोमला स्वतःची मोठी बॅटरी असताना पंपाला वेगळी बॅटरी कशाला, हा प्रश्न मला पडतो.

वीज कुठून घ्यायची, याचा विचारही पंप घेण्यापूर्वी व्हायला हवा. डॅशबोर्डवरील लायटरच्या सॉकेटला बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे १२ व्होल्टला फार तर १२० ते १८० वॅट. दोन सिलिंडरचा पंप ३० अँपिअरच्या आसपास ओढतो. तो त्या सॉकेटवर चालवला तर फ्यूज उडेल, आणि कोणी हौशी मिस्त्रीने मोठा फ्यूज घातला तर वायर वितळेल. चिमटे थेट बॅटरीला लावावेत आणि त्या वेळी इंजिन चालू ठेवावे. मोटारहोमच्या मागील भागात दिवे-पंख्यांसाठी १०० अँपिअर-तासाची स्वतंत्र बॅटरी असेल तर काम अधिक सोपे होते, कारण पाव तास पंप चालला तरी सात-आठ अँपिअर-तासच खर्च होतात. तिच्यापासून जाड वायरचा, स्वतःचा फ्यूज असलेला एक जोड मागच्या दाराजवळ काढून घ्यावा. मागची चाके लांब पडतात म्हणून वायर वाढवण्याचा मोह होतो, परंतु लांब आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडते, मोटर मंदावते आणि तापते. वायर आखूड ठेवावी आणि हवेची नळी लांब घ्यावी. बसच्या मोठ्या चेसिसवर २४ व्होल्टची यंत्रणा असते. तिथे १२ व्होल्टचा पंप दोनपैकी एका बॅटरीवरून चालवण्याचा तोडगा सुचवला जातो, तो टाळावा. एक बॅटरी कायम दमलेली राहते आणि शेवटी दोन्ही बदलाव्या लागतात. २४ व्होल्टचाच पंप घ्यावा.

किंबहुना अशा मोठ्या गाडीला पंपाची गरज आहे का, हेही तपासावे. एअर ब्रेकच्या गाडीत इंजिनवर चालणारा कंप्रेसर आणि हवेची टाकी मुळातच असते आणि त्या टाकीतील दाब आठ बारच्या आसपास, म्हणजे सुमारे ११५ पौंड असतो. योग्य जोड बसवून घेतला तर लांब नळीने त्याच टाकीतून टायर भरता येतात. ट्रकवाले पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. हा जोड मात्र ब्रेकच्या यंत्रणेला हात घालतो, तेव्हा तो चेसिस कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेतूनच बसवावा.

नळीच्या टोकाकडे ग्राहकाचे लक्ष सर्वांत शेवटी जाते आणि त्रास सर्वांत आधी तेथेच सुरू होतो. छोट्या पंपांना आटे फिरवून बसवायचे पितळी टोक असते. ते काढताना दोन-तीन पौंड हवा फुसकन निघून जाते, आणि पाच मिनिटे चाललेल्या पंपाचे ते टोक बोटांना चटका देण्याइतके तापलेले असते. खटका दाबून अडकणारे टोक घ्यावे. मागे जोडटायर असतील तर आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह बाहेरच्या चाकाच्या भोकातून, हात तिरका घालून गाठावा लागतो. तेथे सरळ टोक बसतच नाही. त्यासाठी ट्रकवाले वापरतात तसे दोन्ही दिशांना तोंड असलेले लांब धातूचे टोक मिळते, किंवा व्हॉल्व्हला धातूची वाढीव नळी कायमची लावून तिला रिमवर आधार द्यावा लागतो. रबरी वाढीव नळ्या मी लावू देत नाही. त्या हलतात, घासतात आणि ज्या चाकाची हवा पाहणे सर्वांत अवघड, नेमकी त्याचीच हवा हळूहळू सोडतात. दुकानात पंप हातात घेऊन पाहताना नळी आतल्या चाकापर्यंत पोहोचेल का, हे आपल्या गाडीच्याच चाकाला लावून पाहावे, दुकानदाराने कितीही घाई केली तरी.

पंपावरील डिजिटल आकड्यावर पूर्ण विसंबू नये, कारण यंत्र चालू असताना तो नळीतला दाब दाखवतो. ट्रकच्या दाबाचा, १५० पौंडांपर्यंत मोजणारा एक वेगळा गेज जवळ ठेवावा.

कोणी विचारेल, पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळते, मग हा खटाटोप कशासाठी? पेट्रोल पंपावरील सेवेचा मी आदर करतो, पण तेथे दोन अडचणी आहेत. पहिली सवयीची आहे. वर्धा रोडवर कुठेही गाडी लावा, नळी हातात घेतलेला मुलगा विचारतो, “भैया, पैंतीस डालू?” दिवसभर त्याच्यासमोर मोटारी येतात, त्यामुळे त्याच्या यंत्रावर ३५ लावलेलेच असते आणि ट्रॅव्हलरच्या टायरला ३५ म्हणजे जवळपास निम्मी हवा. ६५ सांगितले की तो मालकाकडे पाहतो. दुसरी अडचण तापमानाची आहे. टायरचा ठरवलेला दाब थंड टायरसाठी असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा एक-दीड किलोमीटरपेक्षा अधिक चाललेली नसावी. प्रतापनगर किंवा मानेवाड्याहून निघून समृद्धीच्या तोंडापर्यंत पोहोचेस्तोवर टायर तापलेलाच असतो. त्यातील दाब वाढलेला दिसतो म्हणून कोणी हवा सोडतो, आणि मग थंड झाल्यावर तो टायर कमी हवेवर राहतो. तापलेल्या टायरमधील हवा सोडू नये. ६५ पौंडांच्या टायरमध्ये दर दहा अंशांमागे साधारण अडीच पौंडांचा फरक पडतो. मे महिन्यात ४३ अंशांना बरोबर ६५ भरलेला टायर डिसेंबरच्या पहाटे १३ अंशांना, एक कणही हवा न गळता, साडेसत्तावन्नवर आलेला असतो. पहाटे घराच्या अंगणात, गाडी हलवण्यापूर्वी, स्वतःच्या पंपाने दाब बरोबर करता येणे, हा चांगल्या पंपाचा मला वाटणारा खरा उपयोग आहे. नायट्रोजन भरलेला टायर असेल तरी पंपाने साधी हवा घालायला हरकत नाही, साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

आता पंप जवळ असूनही तो वापरू नये अशी एक परिस्थिती सांगणे माझे कर्तव्य समजतो. धावता धावता टायर बसला, किंवा ठरलेल्या दाबाच्या ऐंशी टक्क्यांखाली हवा असताना गाडी बरेच अंतर चालली, तर त्या टायरच्या बाजूच्या भिंतीतील पोलादी तारा आत मोडलेल्या असू शकतात. बाहेरून काही दिसत नाही. असा टायर पुन्हा भरायला घेतला की त्या तारा एकामागून एक तुटत भिंत उभी फाटते, आणि ६५ किंवा ९० पौंडांच्या हवेचा तो झोत समोर बसलेल्या माणसाचा जीव घेऊ शकतो. आमच्या विभागात असा टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवल्याशिवाय भरला जात नसे. रस्त्याच्या कडेला पिंजरा नसतो. तेव्हा स्टेपनी लावावी आणि बसलेला टायर रिमवरून उतरवून आतून तपासून घ्यावा. नेहमीची हवा भरतानाही टायरच्या भिंतीसमोर उकिडवे बसू नये, नळीचे टोक अडकवून चाकाच्या नक्षीच्या बाजूला, दोन पावले दूर उभे राहावे. नळी लांब हवी म्हणतो ती यासाठीही. समृद्धीवर गाडी कडेला घेऊन हे काम करणे तर सर्वथा टाळावे, मागून शंभराच्या वेगाने वाहने येत असतात. पुढच्या इंटरचेंजवरून उतरावे किंवा विश्रांतिस्थळापर्यंत सावकाश जावे, आणि टायर पूर्ण बसलाच असेल तर मदत बोलवावी.

चाकांत दाबाचे सेन्सर बसवून घेतले तर वेळीच इशारा मिळतो. मोटारहोमसाठी घेताना त्यांची मर्यादा आपल्या दाबाहून वरची आहे ना, एवढे पाहावे. मोटारीचे सेन्सर यासाठी चालत नाहीत. शिवाय या गाड्या वर्षातले बरेच महिने उभ्याच असतात, त्यामुळे त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या भिंतीवर ‘DOT’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकातील शेवटचे चार अंक पाहावेत. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. जुना, भेगा पडलेला टायर कितीही महागड्या पंपाने भरला तरी तो जुनाच राहतो.

आपल्या पुरवणीत हा तक्ता पुन्हा छापला जाणार असेल तर माझी विनंती अशी आहे की ‘कमाल दाब’ हा रकाना काढून तेथे तीन नवे रकाने घालावेत. ६५ पौंडांवर मिनिटाला प्रत्यक्ष किती लिटर हवा मिळते, त्याच दाबावर पंप सलग किती मिनिटे चालतो, आणि तो किती अँपिअर ओढतो. खोक्यांवरून हे आकडे मिळणार नाहीत, ते मोजावे लागतील. त्यासाठी ट्रॅव्हलरचा एक टायर, एक घड्याळ, एक विश्वासू गेज आणि मे महिन्यातली एक दुपार एवढेच पुरते. नागपुरातील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडून आपण ही चाचणी करवून घेणार असाल, तर टायर आणि गेज माझ्याकडे आहेत आणि ते देण्याची माझी तयारी आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एसटीच्या टायर विभागातील एक निवृत्त कर्मचारी,
नागपूर